मोहरीतले छर्रे

पोळा जवळ आला की मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या बाजारात रस्त्याच्या कडेला लाकडी बैलांचे कळप उतरतात. पिवळे, पांढरे, लाल शिंगांचे, पायांखाली चाकं लावलेले. यातला एकही बैल हंबरत नाही, शेपूट हलवत नाही, तरी गर्दीत पाय लागला तर माणूस दचकून बाजूला होतो. बायका शिंगं ओढून पाहतात, बाप चाकं फिरवून पाहतात, पोरं थेट पाठीवर बसायला जातात. आणि मी, राइस मिलच्या ऑफिसात बसून केस पांढरे केलेला जाडजूड गृहस्थ, प्रत्येक बैलाच्या पोटाखाली वाकून पाहतो. परवा एका दुकानदाराने विचारलंच, "क्या ढूँढ रहे हो, भैया?" मी म्हणालो, "मोटर." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे पाहिलं, आणि अतिशय सहानुभूतीने तिला बसायला स्टूल दिलं.

हसा खुशाल! पण मी बैलाच्या पोटात मोटर पाहिलेली आहे. आमच्या गल्लीतून एक बैल आपल्या आपण चालत गेला, वळणावर ऐटीत वळला, आणि त्याच्या चारही चाकांवर माझ्या ताईचं माहेर बसलेलं होतं. ते चाललं असतं किंवा त्या दिवशी चिखलात कायमचं रुतलं असतं.

काल माळ्यावरून त्या बैलाखालच्या गाडीचा खोका काढला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. षटकोनी तोंडाची एलन की फिरवली, आणि मागच्या चाकांमधलं ते सुपारीएवढं यंत्र हातात आलं. आत मोहरीएवढे पोलादी छर्रे. अंगठ्यावर एक छर्रा घेऊन गोल गोल फिरवला मात्र, कुठून तरी कढीचा वास आला. बायको म्हणाली, कढी नाही, गॅसवर दूध उतू गेलं आहे. असेल. तिला त्या छर्ऱ्याची चव कुठे ठाऊक?

त्या वर्षाचा आकडा मला विचारू नका. छोटी लाईन, म्हणजे नॅरो गेज, अजून चालू होती. गोंदियाहून येणारी गाडी इतकी सावकाश यायची की स्टेशनावर पोचेपर्यंत पाहुण्यांच्या तक्रारी शिळ्या व्हायच्या. आणि वीज दिवसातून इतक्यांदा जायची की ती आल्यावर लोक टाळ्या वाजवायचे. ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, पुण्याला देऊन सहा-सात वर्षं झाली होती. तिचे यजमान श्रीकांतराव, आमचे भाऊजी, यंत्रांचे इंजिनियर. माणूस लाखात एक. फक्त लग्नानंतर त्यांनी आमच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

त्याचं कारण बाबांची जीभ. लग्नाला येताना वरातीची बस वाटेत बंद पडली. नवरदेव इंजिनियर, सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. भाऊजींनी कोट काढला, बॉनेट उघडलं, फेट्यासकट आत डोकं घातलं, कोपरापर्यंत काळे झाले, पण बस काही सुरू होईना. शेवटी सगळ्या वरातीने ढकलली, नवरदेवानेही ढकलली, आणि मंडपाच्या दारात ती खोकत उभी राहिली. आमचे बाबा दारातच होते. वनखात्याच्या डेपोवर सागाचे ओंडके मोजून निवृत्त व्हायला आलेला माणूस, आवाज जंगलातला. ते ओरडले, "पाहा बाप्पा! इंजिनियर जावई केला, अन् धक्का मारत आला!"

मंडप हसला. ते एक वेळ चाललं असतं. पण बाबांनी तोच विनोद पंगतीत सांगितला, निरोपाच्या वेळी सांगितला, आणि पुढे दूधवाला, न्हावी, पोस्टमन, सगळ्यांना सांगितला. दरवर्षी त्याला नवं बाळसं चढायचं. पुढे पुढे तर बस चढावर होती आणि मागून वाघाची डरकाळी ऐकू आली होती. लग्नाच्या फोटोत भाऊजींचे गाल असे फुगले आहेत की पाहणाऱ्याला वाटावं, नवरदेवाने दोन्हीकडे लाडू दडवलेत.

ताई आधी एकटी यायची, मग कडेवर मिनूला घेऊन, मग एक दिवाळी चुकली, मग दुसरी. त्या श्रावणात तिचा फोन आला. फोन बाबांनी घेतला, आणि ती इतक्या मोठ्याने बोलली की आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "बाबा, हे पोळ्याला येतो म्हणतात. मिनूला तान्हा पोळा दाखवायचाय. पण या वेळी जर काही झालं ना, तर मी एकटी यापुढं यायची नाही. दोन घरांच्या मधी उभी राहून पाय दुखले माझे."

बाबांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. "म्या काय केलं? म्या तं खरं तेच सांगतलं."

आई पोळ्यांचं पीठ मळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तोंडाले मुसकं बांधा. दोन-चार दिवसाचा सवाल आहे." मळणीच्या वेळी बैलाने धानात तोंड घालू नये म्हणून त्याच्या तोंडाला जी जाळी बांधतात, ते मुसकं. बाबांनी खरोखरच ओठांवरून हात फिरवला. त्या क्षणी मला दोघांची दया आली, बाबांची आणि त्या विनोदाची.

पाहुणे आले. भाऊजींनी एका हाताने मिनूला धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने एक खोका, आणि खोका जास्त जपून धरला होता. कंपनीने त्यांना काही महिने जपानला पाठवलं होतं, तिथून आणलेली रिमोटची गाडी. अहो, गाडी कसली! बेडकासारखी दबा धरून बसलेली, मागची चाकं काटेरी, अंगावर एवढे स्क्रू की नगरसेवकाच्या सदऱ्यालाही एवढी बटणं नसतील. हातातल्या रिमोटला काठीएवढी एरियल. मी पंचविशीचा घोडा होतो, पण मला मिनूला बाजूला ढकलून पुढे जायचा मोह झाला. नाही, आवरला नाही. ढकललंच थोडं.

तान्हा पोळा म्हणजे आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची पोरांची मौज. आदल्या दिवशी खरे बैल मिरवून झाले की पोरांनी आपापले लाकडी बैल सजवायचे, दोरीने ओढत तोरणाखालून न्यायचे, आणि मग घरोघर हिंडून बोजारा गोळा करायचा. कुणी खाऊ देतं, कुणी नाणं. चहा घेता घेता भाऊजींनी जाहीर केलं, "मिनूचा बैल कोणी ओढायचा नाही. तो स्वतः चालेल. गाडीवर बैल बसवू."

बाबांच्या भुवया वर गेल्या. ओठ हलले. आईने खाकरून आठवण करून दिली. बाबा उठले, मागच्या पडवीत गेले, आणि थोड्या वेळाने तासण्याचा आवाज येऊ लागला. सावरीच्या लाकडाचा हलका, पोटात पोकळ बैल ते कोरत होते. लाकडाच्या कपच्या ओल्या अंगणात पडत होत्या, मिनू त्या वेचत होती. बोलायचं नाही म्हटल्यावर बाबांचं सगळं बोलणं त्या बैलात उतरलं असावं, कारण त्याचा चेहरा फार खट्याळ झाला.

खांदशेकणीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात तेव्हा, बाबांनी या लाकडी बैलाच्या खांद्यालाही बोटभर चोळली. आणि पहिली चाचणी झाली.

मोटर किंचाळली. मागच्या भागातून 'कर्रर्र' असा आवाज आला, जळक्या प्लास्टिकचा वास आला, आणि बैल जागच्या जागी हिव भरल्यासारखा थरथरत राहिला. चाकं ढिम्म! मग आई पुढे आली. जावयाला चूक म्हणायचं नाही हा आमच्या घराण्याचा कायदा, तिथे इंग्रजांचा कायदा काय टिकेल! आई हात जोडून म्हणाली, "किती शहाणा आहे बाई बैल! आपल्या जागेवरून हालत नाही."

भाऊजींचे कान लाल झाले. त्यांनी गाडी उलटी केली आणि ओट्यावर बसून मागचं यंत्र उघडायला घेतलं. मी शेजारी मांडी ठोकली. मेव्हणा हे नातं फार सोयीचं असतं, त्याला प्रश्न विचारायची परवानगी असते.

"हे काय, भाऊजी?"

"डिफरेन्शियल. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं, आतल्या चाकाला कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर गाडी वळणार कशी? म्हणून मध्ये हे. मोठ्या गाडीत याच्या आत दाते असतात. यात नुसते छर्रे आहेत. दोन पोलादी चकत्या, त्यांच्या मधे मोटरने फिरणारं दातेरी चाक, त्याच्या भोकांत छर्रे, आणि सगळ्यांना दाबून धरणारा एक स्क्रू. स्क्रू ढिला पडला म्हणून ते घसरतंय."

पडवीच्या खांबाआडून आवाज आला, "म्हंजे खळ्यातले बैल."

आम्ही वळलो. मुसकं सुटलं होतं. "मधल्या खांबाले बैलाची रांग बांधते का नाही? खांबाजवळचा म्हातारा बैल जागच्या जागी पाय टाकते, अन् कडेचा गोऱ्हा धाव धाव धावते. दोघं बी एकाच दाव्यात."

भाऊजी क्षणभर बाबांकडे पाहत राहिले. "हो," ते म्हणाले. "अगदी तसंच." बाबा लगेच खांबाआड गेले, एखादं झाड तोडताना पकडले गेल्यासारखे.

आणि मग तो क्षण. भाऊजींनी स्क्रू पूर्ण सोडला. आतली स्प्रिंग उडाली. ओट्यावरच आई सूप घेऊन मोहरी निवडत बसली होती. जुन्या वंगणाने काळे झालेले ते छर्रे टपटप, टपटप, सगळे त्या मोहरीत! सूप भरून मोहरी, काळी, गोल, बारीक. आणि तिच्यात तशाच काळ्या, गोल, बारीक जपानी पोलादाची भर. देवाने समोर येऊन सांगितलं असतं तरी वेगळे ओळखू आले नसते.

मी रेडिओतला लोहचुंबक आणायला धावलो. "नको!" भाऊजी किंचाळले. "छर्ऱ्यांना चुंबक लागला तर ते एकमेकांना चिकटतील!" मी दारातच थिजलो. आई मात्र शांत. तिने सूप उचललं, मांडीवर तिरकं धरलं, आणि घोळलं. सर्र, सर्र. मोहरी हलकी, ती पुढे नाचत गेली. छर्रे जड, ते मागे कडेला गोळा झाले, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरांसारखे. ताई टाळ्या वाजवू लागली. भाऊजी तोंड उघडं ठेवून पाहत होते. मोजले तर बारा हवे होते, अकरा निघाले. पुन्हा घोळलं. अकराच.

"एक राहू दे," भाऊजी म्हणाले, "त्याच्या समोरचा आणखी एक काढून ठेवू. दहावर चालेल." पण त्यांचा आवाज दहावर चालणाऱ्या माणसाचा नव्हता.

चकत्यांवर छर्ऱ्यांच्या खाचा पडल्या होत्या. त्या घासून सपाट करायला अगदी सपाट काहीतरी हवं. आमच्या घरची फरशी, ओटा, पाट, सगळंच थोडंफार डोंगराळ. ताईने इकडे-तिकडे पाहिलं आणि भिंतीवरून स्वतःच्या लग्नाचा फोटो काढून दिला. "काच आहे. याच्याहून सपाट या घरात काही नाही." काचेवर ओला बारीक पॉलिश पेपर ठेवला. त्यावर चकती ठेवून भाऊजी बोटाने इंग्रजी आठचा आकडा गिरवू लागले. पेपरखालून फुगलेल्या गालांचा नवरदेव अर्धा दिसत होता, आणि त्याच्या नाकावरून त्याचाच मोठेपणीचा हात गोल गोल फिरत होता. हे सगळं मी त्याच वेळी कायमचं साठवून ठेवलं, पुढे सांगायला.

पोळ्याच्या दिवशी दुपारी पानं मांडली. पुरणपोळी, वडे, आणि आईची कढी, वरून मोहरीची तडतडलेली फोडणी. बाहेर मधूनच ऊन पडत होतं. रस्त्याने रंगवलेल्या शिंगांचे बैल घुंगरं वाजवत जात होते. बाबांनी कढीची वाटी तोंडाला लावून भुरका मारला, चावलं, आणि 'टक्' असा आवाज झाला.

सगळ्यांना एकाच वेळी कळलं. बारावा!

बाबांचे डोळे मोठे झाले. दाढेला हात गेला. आणि मग, माझ्या बाबांच्या चेहऱ्यावर, एका उत्तम विनोदाचा सूर्योदय सुरू झाला. मिशी थरथरली. गाल वर गेले. ताईने ताटावरचा हात काढून घेतला आणि नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली. मी प्रार्थना केली, आणि खरं सांगतो, ती दोन्ही बाजूंची होती. बाबांनी छर्रा जिभेवरून बोटावर घेतला, धोतराच्या सोग्याला पुसला, आणि हळूच भाऊजींच्या पानाजवळ ठेवला.

"तुमचं राह्यलं होतं," ते म्हणाले. आणि खाली मान घालून जेवू लागले.

कुणी हसलं नाही. मी उठून परसात गेलो, टॉवेल तोंडात कोंबला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. परत येताना खिडकीतून भाऊजींचं ताईशी बोलणं कानावर पडलं. "सगळं घर माझ्याशी असं वागतंय, जणू मी काचेचा आहे. त्यांनी हसून घेतलं असतं तर बरं झालं असतं." ताई म्हणाली, "हसले असते तर तुम्ही संध्याकाळची गाडी पकडली असती."

संध्याकाळी बाराही छर्रे परत बसले. ताईने भुवयांच्या चिमट्याने एकेक छर्रा उचलून दातेरी चाकाच्या भोकात ठेवला. पारदर्शक चिकट वंगणात तो असा बसायचा की आता आयुष्यभर उठणार नाही. स्क्रूच्या टोकाशी आणखी बारीक छर्रे होते, त्यांना वेगळं काळं ग्रीस. मग भाऊजींनी स्क्रू आवळला. अजून आवळला. दात ओठांत रुतवून आवळला. एकदा सर्वांसमोर घसरलेला माणूस दुसऱ्यांदा कसा आवळतो, ते मी जवळून पाहत होतो.

चाचणी. बैल निघाला! झपाट्याने निघाला, सरळ निघाला, आणि वळायच्या जागी वळण सोडून सरळ धुण्याच्या दगडावर जाऊन आदळला. एक शिंग गेलं. भाऊजींनी स्टिअरिंग पूर्ण फिरवलेलं होतं, पण मागची दोन्ही चाकं एकमेकांना घट्ट धरून बसली होती.

"वा!" आई म्हणाली. "किती सरळ चालते! इकडं ना तिकडं पाहत नाही."

"जोर किती आहे!" मी म्हणालो.

भाऊजींनी रिमोट खाली ठेवला. "या घरात," ते ओरडले, आणि मिनू आजीच्या पदरात शिरली, "या घरात मला खरं कोणी सांगणार आहे का?"

आम्ही सगळ्यांनी एकदमच बाबांकडे पाहिलं. या घरात खरं बोलणारा एकच माणूस होता आणि त्याचंच तोंड आम्ही बांधून ठेवलं होतं. बाबा ताईकडे वळले. साठीच्या माणसाने पोरीला विचारावं तसं, अगदी बारीक आवाजात, "बोलू काय, शोभे?"

"फक्त गाडीबद्दल," ताई म्हणाली.

"हौ. फक्त गाडीबद्दल." बाबांनी खोल श्वास घेतला. "जावईबापू, जास्त आवळलं तुम्ही. घसरू नये म्हणून आवळलं, ते समजलं मले. पण इतकं आवळल्यावर आतला अन् बाहेरचा एकाच चालीनं चालन. मंग वळन कसं? ढिलं करा जरासं."

मला वाटलं, संपलं. संध्याकाळची गाडी. पण भाऊजी खाली बसले, आणि म्हणाले, "धरा इथे, बाबा."

कारण या यंत्राची परीक्षा घ्यायला दोन हात पुरत नाहीत. दोन्ही बाजूंच्या पोलादी वाट्या एकाने गच्च धरायच्या, दुसऱ्याने मधल्या दातेरी चाकाला अंगठ्याने जोर लावायचा. चाक घसरलं तर ढिलं आहे. मग एक वाटी सोडून दुसरी फिरवून पाहायची. ती हाताला कडक, खरखरीत लागली तर जास्त आवळलंय. बाबांनी वाट्या धरल्या, भाऊजींनी स्क्रू किंचित मागे घेतला. अंगठा लावला. पुन्हा किंचित. "आता?" "उहूं." "आता?" बाबांनी डोळे मिटले, एक वाटी हळूच फिरवली. दुसरी उलट्या दिशेने आपोआप फिरली, रेशमावरून बोट जावं तशी.

"आता बरोबर," दोघं एकदम म्हणाले.

मी ती फिरवून पाहिली. ताईने पाहिली. आईने हात धुऊन येऊन पाहिली. कालपासून माझा अंगठा आणि तर्जनी उगीच एकमेकांवर घासत असतात, त्यांना तोच स्पर्श हवा असतो. घट्ट तर आहे, पण कुठेच अडत नाही. असं काहीतरी जगात असू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारबोद निघाली. झाडपाल्याची, चिंध्यांची ती बाहुली गावाबाहेर नेताना पोरं ओरडतात, वर्षभराची पीडा तिच्या गळ्यात बांधून देतात. "खासी-खोकला घेऊन जा गे, नारबोद!" कुणी म्हणालं, "बिजली की कटौती ले जा गे, नारबोद!" मला राहवलं नाही. फुप्फुसं फाटेस्तोवर ओरडलो, "जावयाचा रुसवा घेऊन जा गे, नारबोद!" वळून पाहिलं तर मागे भाऊजी, खांद्यावर मिनू. मी पोरांच्या घोळक्यात अदृश्य झालो. त्यांनी ऐकलं का नाही, ते आजतागायत विचारलेलं नाही.

गाडीची बॅटरी सकाळच्या सरावात उतरत गेली होती. चार्जर लावला, आणि नारबोदेने कुणाचंच ऐकलं नाही: वीज गेली. दुपारी आली, टाळ्या पडल्या, थोडा जीव भरला, पुन्हा गेली. "जेवढं भरलं तेवढं," भाऊजी म्हणाले. मोडलेलं शिंग बाबांनी खिळ्याने बसवलं. बैलाच्या अंगावर झूल, गळ्यात घुंगरू, कपाळावर कुंकू.

गल्ली पोरांनी आणि बैलांनी फुलली होती. टोकाला आंब्याच्या पानांचं तोरण. शेजारचे बिसेनकाका सेलवर चालणाऱ्या माईकवर होते. बैल सोडला, आणि लोकांच्या तोंडातून वारा निघून गेल्यासारखा आवाज झाला. बैल चालतोय! दोरी नाही, हात नाही! मिनू शेजारून तोऱ्यात चालतेय, आणि मागे भाऊजी एरियल उंचावून, जणू पालखीपुढचा भालदार. माईक किंचाळला, "देखो देखो, बिटिया का बैल खुद चल रहा है!" एका म्हाताऱ्या बाईने त्याला वाकून नमस्कार केला. मग वळण आलं, चिखलाचं, धोकादायक. आतलं चाक हळू झालं, बाहेरचं धावलं, आणि आमचा बैल खऱ्या बैलासारखा, खांदा किंचित झुकवून, असा वळला, असा वळला! मी आनंदाने कुणाला तरी मिठी मारली. तो कोण होता, मला माहीत नाही.

तोरण चार पावलांवर होतं. बैल मंद झाला. आणखी मंद झाला. थांबला.

बॅटरी संपली.

माईक गप्प झाला. सगळी गल्ली पाहत होती. भाऊजींनी रिमोट दाबला, पुन्हा दाबला, एरियल हलवली. मिनू खाली वाकली, दोन्ही तळहात बैलाच्या पुठ्ठ्यावर ठेवले, आणि त्या निरागस जिवाने जोर लावला. धक्का मारला!

बाबा माझ्या शेजारी उभे होते. इतक्या वर्षांचा तो विनोद, बाळसेदार, वाघाच्या डरकाळीसकट, तयार होऊन त्यांच्या ओठांशी आला होता. मिशी थरथरत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं, मानेच्या शिरा ताठ. गल्लीतल्या प्रत्येकाला तो विनोद पाठ होता, आणि प्रत्येक जण बाबांच्याच तोंडाकडे पाहत होता. पलीकडे ताई, पदराचं टोक मुठीत धरून. बाबांनी ताईकडे पाहिलं. आणि ओठ मिटले. गच्च मिटले, त्या स्क्रूसारखे.

तेव्हा भाऊजींनी रिमोट खाली केला, बाबांकडे पाहिलं, आणि पुणेरी आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "बोला ना, बाबा! इंजिनियर जावई केला..."

बाबांच्या तोंडून आवाज फुटेना.

"...अन् बैलालाही धक्का मारत आणला!"

गल्ली फुटली! बाबा तर पोट धरून चिखलातच बसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, भाऊजींनी त्यांना उठवलं, आणि दोघं मिनूच्या दोन बाजूंना वाकले. एकाच दाव्यात बांधल्यासारखे. तिघांच्या धक्क्याने बैल तोरणाखालून गेला. त्या दिवशी बक्षीस कुणाला मिळालं, मला आठवत नाही. ताई रडत होती, आणि मधे मधे हसत होती, आणि घरोघरच्या बोजाऱ्यासाठी मिनूच्या पिशवीचं तोंड धरून उभी होती, एवढं आठवतं.

त्यानंतर भाऊजी दरवर्षी पोळ्याला आले. बाबा गेले त्या वर्षीही आले, आणि वरातीच्या बसचा किस्सा वाघाच्या डरकाळीसकट त्यांनीच सांगितला. तो फोटो अजून भिंतीवर आहे. पॉलिश पेपर कधी तरी सरकला असणार, कारण काचेवर, बरोबर फुगलेल्या गालांवर, एक पुसटसा आठ उमटलेला आहे. कितीही पुसा, जात नाही. बायको काच बदलू म्हणते. मी ऐकू न आल्यासारखं करतो.

या पोळ्याला मिनू येते आहे. तिचा नवरा पहिल्यांदाच येतो आहे, शिकलेला, गंभीर मुलगा म्हणे. मध्यंतरी कुठल्याशा स्टेशनातून बाहेर पडताना त्याच्या बॅगेचं चाक निखळलं आणि ती त्याने डोक्यावर घेऊन नेली, असं मिनूने काल फोनवर हसत सांगितलं. कंप्युटरचा इंजिनियर, अन् बॅग डोक्यावर! मी काही बोललो नाही. अजून तरी नाही. पण रात्री जेवताना माझी मिशी थरथरत होती, असं बायको म्हणते.

सकाळी ताईचा फोन आला. "विजू, ऐक. मुसकं."

मी टेबलावरचे बाराही छर्रे पुन्हा मोजले, मोहरीच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं, आणि म्हणालो, "हौ, ताई. फक्त गाडीबद्दल बोलीन."